नातीसाठी राखलेला खांदा

स्नायूंबद्दल आमच्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मीच म्हणतो, पण तीस वर्षं म्हणत आल्यामुळे आता लोकही म्हणायला लागलेत. खानापूरच्या बाजूला आमचं गाव. तिथल्याच हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. स्नायूंचा धडा आला की मी बाही वर सारतो, कोपर दुमडतो आणि पोरांना दंडावरची बेडकी दाखवतो. बेडकी लहान आहे, पण शिकवण्यापुरती पुरते.

"स्नायू फक्त ओढतो," मी सांगतो. "ढकलणं त्याला येत नाही. म्हणून ते जोडीनं काम करतात. हात दुमडताना पुढचा आखडतो, मागचा सैल पडतो. सरळ करताना उलटं."

"मग सर, अंग कमवायचं कसं?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारा दरवर्षी काडीसारखा असतो.

"ओझं थोडं थोडं वाढवायचं. त्या ताणानं स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. पोटभर जेवण आणि झोप मिळाली की शरीर ती भरून काढतं, आणि स्नायू पहिल्यापेक्षा दणकट होतो. म्हणजे स्नायू वाढतो तो तालमीत नव्हे, अंथरुणात!"

अंथरुणात म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंही वहीत लिहून घेतात.

तर असा मी, जोतिबा सर, यंदा स्वतःच अंग कमवायला निघालो. कारण आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा. ही यात्रा काही दरवर्षी येत नाही. मध्ये पंचवीस-पंचवीस वर्षं जातात. मागची झाली तेव्हा माझी मुलगी मंजुश्री सहा वर्षांची होती. लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं नाचवत गावभर फिरवतात, त्याला आमच्याकडे होन्नाट म्हणतात. तो होन्नाट तिनं माझ्या खांद्यावर बसून पाहिला. माझे केस मुठीत धरून, छातीवर टाचा आपटत. तेव्हा मला केस होते.

आता मंजू बेंगळूरला असते आणि तिची सौम्या सहा वर्षांची आहे. वर्षातून एकदा येतात, दोन दिवस राहतात, जातात. बाकी वर्षभर फोनवर भेट. त्यातही सौम्या फोन असा धरते की मला तिचं निम्मं कपाळ आणि घरचा पंखा दिसतो. पोर मोठी होतेय हे मी त्या कपाळावरून ओळखायचं. रात्री जेवताना कधी कधी उगाच खांदा हलका हलका वाटतो. माणसाला ओझ्याचीही आठवण येते, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण मला येते.

एका रविवारी फोनवर सौम्या म्हणाली, "आज्जा, मम्मीला तू देवी दाखवलीस ना, तसं मला पण."

"दाखवतो की. माझ्या खांद्यावरनं. पण मम्मीला सांगू नको."

मंजूला सांगू नको, कारण माझं वय सत्तावन्न आणि माझी कंबर अधूनमधून धरते. मंजूला कळलं असतं तर तिनं बेंगळुरातून मला खुर्चीला बांधायला लावलं असतं. आणि आमच्या घरात मंजूला न कळण्याचा एकच मार्ग आहे: मंडळींना न सांगणं.

सौम्याचं वजन वीस किलो आहे, एवढं मी मंजूकडून गोड बोलून काढून घेतलं. यात्रेला तीन महिने होते. मी पद्धतशीर आखणी केली. पहिले काही आठवडे पाच किलो तांदूळ पिशवीत भरून खांद्यावर, मग दहा, मग पंधरा. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. तोंडपाठ होतं सगळं.

तिसऱ्या दिवशी जयाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, परसात मला पकडलं.

"तांदूळ कुटं चाललाय?"

"हिंडवतोय."

"कशाला?"

"हवा लागली की कीड पडत न्हाय."

"मग डाळीला बी हिंडवा," म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी ओट्यावर दोन किलो तूरडाळ काढून ठेवलेली होती. हिंडवली.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण मी जरा रंगात आलो. पंधरा किलोवर पोचलो होतो, अंगात तरतरी होती. त्या पिशवीला मी खांद्यावर हळूहळू झुलवायला लागलो, आणि तोंडातून आपोआप निघालं, "बघ, आली बघ देवी. दिसली? हात जोड." पिशवीला हात नसतात, पण मला त्या वेळी ती पिशवी वाटतच नव्हती.

कुंपणापलीकडे शेजारचा मष्णू उभा होता. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

आमच्या गावात यात्रेच्या वर्षी एखादा माणूस खांद्यावर वजन घेऊन देवीचं नाव घेताना दिसला, तर त्याचा अर्थ एकच निघतो. दिवे लागायच्या आत गावभर झालं: जोतिबा सर होन्नाटात उतरणार! दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रा कमिटीचे आण्णाप्पा चार माणसं घेऊन दारात हजर.

"सर, मष्णूनं सांगितलं. माझ्या तर अंगावर काटा आला."

"आण्णाप्पा, ते जरा वेगळं हाय..."

"कळलं की. तुमी आपल्या तोंडानं कशाला सांगाल? ह्या वयात, गुपचूप, देवीसाठी!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

इथे गाडी फसली. देवीच्या नावाचा नारळ एकदा हातात पडला की तो परत करायची रीत आमच्याकडे नाही. तुमचा खांदा देवीला बोलला गेला. नातीसाठी तयार केलेला खांदा देवीनं मागून घेतला, आणि नाही कसं म्हणणार? जयाबाई तर आतून कुंकवाचा करंडा घेऊनच बाहेर आल्या. पिशवीचं कोडं त्यांना एकदाचं सुटलं होतं. "मला म्हणाले, हवा लागाय पायजे," त्या डोळे पुसत आण्णाप्पांना सांगत होत्या. लग्न झाल्यापासून एवढ्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. म्हणून मीही गप्प बसलो. फक्त मंजूला ती आल्यावरच सांगायचं, असं देवीची शपथ घालून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

शिवाय मी मनात हिशेब केला. माझी पाळी देवळापासून चावडीपर्यंतच होती. चावडीपाशी दुसरा गडी खांदा देणार, मी सुटणार. मंजूला तिथेच उभं करायचं, मी बाहेर पडलो की सौम्याला उचलायचं, देवी समोरच असेल. एका खांद्यात दोन्ही साधेल. फक्त ताकद दुप्पट लागेल.

आणि दुप्पट ताकदीच्या नादात माझं तीस वर्षांचं ज्ञान वाया गेलं. होन्नाटाची पोरं संध्याकाळी देवळामागे सागवानी ओंडका घेऊन सराव करायची. त्यांचा पुढारी युवराज, माझा जुना विद्यार्थी, आता खानापुरात जिम चालवतो.

"सर, आज तुमी बसा. काल लई झालंय. मधे एक दिवस सोडायचा म्हणून तुमीच शिकवलंय न्हवं?"

"ते परीक्षेपुरतं रं," मी म्हटलं आणि ओंडक्याखाली शिरलो.

रोज शिरलो. घरी आल्यावर परत पिशवी, आता वीस किलोची, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची आणि खांद्यावर ठेवायची. झोप येईना, कारण दिवस मोजत पडायचो. सौम्याला कुठल्या बाजूनं चढवायचं, तिचे पाय कसे धरायचे, तिला ऊन लागेल का, हेच. यात्रेच्या तोंडावर तर मी सलग चार दिवस दुप्पट सराव केला.

पाचव्या दिवशी सकाळी अंथरुणात मी हात वर करायला गेलो आणि हात जागचे हलले नाहीत. जास्तीच्या मेहनतीचं दुखणं त्याच दिवशी कळत नाही, एक-दोन दिवसांनी वर येतं, हेही मी शिकवतो. ते सगळं एकदमच वर आलं होतं. दोन्ही हात कोपरात अर्धवट दुमडलेले आणि खांद्यापासून खाली लोंबकळणारे. चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, म्हणून तोंड कपापर्यंत नेलं. शाळेत फळ्याच्या अगदी खालच्या वीतभर पट्टीत लिहिलं. पोरं बाकावरून वाकून वाचत होती.

"सर, वर का लिहीत नाही?"

"खालचंही वाचायची सवय पाहिजे," मी म्हटलं.

त्याच दुपारी मंजू आणि सौम्या आल्या. रिक्षा दारात थांबली, सौम्या उडी मारून उतरली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावत आली. वर्षभर मी त्या क्षणाची वाट बघत होतो. ती समोर येऊन थांबली, हात तसेच वर. मी खांबासारखा उभा. माझ्या हातांना मी सांगत होतो, उठा रे, आता तरी उठा. ते उठले नाहीत.

तिचे हात हळूहळू खाली आले. "आज्जा, नमस्ते," ती म्हणाली, जशी परक्या माणसाला म्हणावी तशी.

त्या एका नमस्तेनं जे दुखलं, त्यापुढे ओंडका काहीच नव्हता.

"आप्पा, हातांना काय झालं?" मंजूनं विचारलं.

"होन्नाटाला जाणार हायत तुझे आप्पा," जयाबाई अभिमानानं म्हणाल्या. मंजूनं कपाळावर हात मारला. तिचा हात छान वर जात होता.

यात्रेच्या दिवशी ढोल, हलगी, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा. चावडीच्या पायऱ्यांपाशी मी मंजू आणि सौम्याला उभं केलं आणि सौम्याच्या कानात सांगितलं, "हितंच थांब. मी आलोच." तिनं मान डोलावली. नमस्ते थोडं मागं पडलं होतं.

देवळापाशी मी मूर्तीच्या दांड्याखाली घुसलो. खांदा लावला, पण आधाराला हात काही वर गेले नाहीत. तेवढ्यात मागून पोरांचा लोंढा आला आणि मी मध्ये असा गच्च अडकलो की माझे पाय जमिनीला जेमतेम लागत होते. देवीला मी नेत नव्हतो, गर्दी मला नेत होती. बाहेरून बघणाऱ्या मष्णूनं नंतर गावभर सांगितलं की सरांच्या अंगात आलं होतं, हात सुद्धा न लावता त्यांनी देवी तोलली!

चावडी आली. मी ओरडलो, "युवराज, मला सोड, माझी पाळी झाली." ढोलाच्या आवाजात त्याला वाटलं मी जयजयकार करतोय. त्यानं दुप्पट आवाजात साथ दिली आणि आम्ही पुढे. माणसांच्या फटीतून मला पायऱ्यांपाशी सौम्या दिसली. मंजू तिला उचलायला वाकली होती आणि पोर मान हलवून नको म्हणत होती. तिच्या समोर नुसत्या माणसांच्या पाठी होत्या. ती माझी वाट बघत होती आणि मी तिच्या समोरून देवीसकट निघून गेलो.

मारुतीच्या देवळाच्या वळणावर एकदाची फट मिळाली. मी बाहेर पडलो आणि सगळ्या गर्दीच्या उलट्या दिशेनं पळत सुटलो.

"उचलते म्हटलं तर ऐकत न्हाय," मंजू म्हणाली. "आज्जाच उचलणार म्हणतीया."

हात तर गेलेच होते. पण पाय माझे होते. मी चावडीच्या पायरीला पाठ लावून उकिडवा बसलो. सौम्या पायरीवरून माझ्या खांद्यावर चढली. मंजूनं मागून तिची कंबर धरली. शरीरातला सगळ्यात दणकट स्नायू मांडीचा, हे मनात म्हणत मी उठलो. थरथरत उठलो, पण उठलो. तिच्या टाचा माझ्या छातीला लागल्या, केस नव्हते म्हणून तिनं कान धरले, आणि मला रडू आलं. भंडारा डोळ्यात गेला म्हणून सांगायची सोय होती, ते बरं.

"दिसली देवी?" मी विचारलं.

"गेली, आज्जा. तिकडं वळली."

"मग काय दिसतंय?"

"डोकी. सगळी पिवळी." मग तिनं माझा कान ओढला. "परत कधी येणार देवी?"

"आता पंचवीस वर्षांनी."

"हां. तेव्हा मी मोठी असणार ना? तेव्हा मी तुला उचलते."

मी मनात वर्षं मिळवली. मागे मंजूचा हात सौम्याच्या कमरेवर घट्ट झाला, तिचाही हिशेब झाला असावा.

"आज्जा, आता उतरव मला."

ओझं घेऊन उठताना मांडीचा स्नायू आखडतो. खाली बसताना त्यालाच ताण धरून हळूहळू लांबावं लागतं, आणि थकलेल्या स्नायूचा तिथे भरवसा नसतो. माझ्या मांड्या खाली बसायला मुळीच तयार नव्हत्या. मांड्यांचं कशाला सांगू, मीच नव्हतो.

"थांब जरा," मी म्हटलं, "अजून थोडी पिवळी डोकी बघ."