ओटीपोट कोणाचं?

ॲक्युपंक्चर करणाऱ्या सुईवाल्या बाईंच्या दवाखान्यात पेशंटला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. कुणाचं गुपित फुटू नये म्हणून बाई दुखण्याने हाक मारत. "मान, आत या," म्हटलं की एक मान उठून आत जाई.

लाँड्रीवाली नवऱ्याशेजारी बाकावर अंग चोरून बसली होती. ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन सूज आली होती. एकदा बरी झालेली सूज पुन्हा उलटली होती आणि इस्त्री धरून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या नवरा-बायको दोघांनीही पूर्ण घ्यायच्या, नाहीतर हे परत येणार. सुया फक्त दुखणं कमी करायला, गोळ्यांच्या जोडीला." नवऱ्याने उत्साहाने सुयांची वेळ फोनवरून ठरवली. घरात कुणाला कळता कामा नये, एवढं वचन तिने त्याच्याकडून घेतलं होतं.

आणि दारातून गुडघा धरत त्याची आत्या आत आली. आत्याला कळलं म्हणजे सगळ्या नात्यागोत्यात दवंडी पिटली गेली. लाँड्रीवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही दोघं इथे? कुणाला काय झालंय?"

तेवढ्यात आतून हाक आली, "ओटीपोट, आत या."

आत्याने सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे पाहू लागली. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, दहाव्या मजल्याच्या पोकळीत बिनधास्त लोंबकळणारा, पण सुई पाहिली की गार पडणारा. तो ताडकन उठला.

"माझं आहे, आत्या," तो म्हणाला.

त्या क्षणी तिला त्याचा फार अभिमान वाटला. ती त्याच्यामागोमाग आत गेली. पडदा ओढला, पण पडद्याखाली आत्याच्या चपला दिसतच होत्या, त्यामुळे बाईंना खरं सांगायची सोय उरली नाही.

"फोन तुम्हीच केला होतात ना? झोपा," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करून आलेल्याला मी सुई लावत नाही."

"चालू आहेत," तो म्हणाला.

पहिली सुई हाताला लागली. त्याने डोळे मिटले. दुसरी पायाला लागली आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. बाईंनी तिसरी उचलली, तशी त्याची सगळी हिंमत संपली.

"बाई, खरं सांगू का? मी एकही गोळी घेतलेली नाही. पाकीट तसंच खिशात आहे. आता काढा सुया," तो दबक्या आवाजात म्हणाला.

लाँड्रीवाली जागच्या जागी थिजली. पहिल्या खेपेलाही यानं हेच केलं असणार. ती बिचारी वेळच्या वेळी गोळ्या गिळत होती, वेदनेने कळवळत होती, आणि दुखणं का उलटतं याचा विचार करून स्वतःलाच दोष देत होती. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"राहू द्या सुया, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "पेशंट मी आहे. पण गोळ्या यांनाही घ्यायच्या आहेत."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, तिसरी सुई खाली ठेवली आणि पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला.

"अगं, हात हलवता येत नाहीये मला," तो कुजबुजला.

"तोंड हलतंय ना? उघडा."

आधी तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, "गोळ्या दोघांनीही परत घ्यायच्या का?" हो, आजपासून पहिल्यापासून सुरू करा, त्या म्हणाल्या. मग त्याची मान उचलून तिने स्वतःच्या हाताने गोळी भरवली आणि घोट खाली उतरेपर्यंत ग्लास हलवला नाही. नंतर शेजारच्या टेबलावर ती आडवी झाली. सुया लागल्या, तेव्हा तिला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. आत्याने कामगिरी चोख बजावली होती.

"अरे, तुझ्या ओटीपोटाचं ऐकलं. पडद्यामागून आत्याच्या कानावर आलं, गोळ्या दोघांनीही घ्यायच्या असतात म्हणे. सूनबाईवर लक्ष ठेव हो. बायका औषधाचा फार कंटाळा करतात."

त्याने समोर पाहिलं. सूनबाई गोळी आणि पाणी घेऊन उभी होती.

"हो आई," तो म्हणाला आणि तोंड उघडलं.