दोन हात लाल फीत

कामातल्या दिरंगाईला इंग्रजीत 'रेड टेप' म्हणतात. तिकडच्या जुन्या कचेऱ्यांत कागद लाल फितीने बांधत, तिथून हा वाक्प्रचार निघाला. आमच्या कार्यालयात मात्र ती दिरंगाई नसून शिस्त आहे. फीत बांधल्याशिवाय फाइल टेबलावरून हलत नाही, हे मी, आवक-जावक कारकून, अभिमानाने सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या निरीक्षकांनी शेजारच्या गोदामाऐवजी चुकून शिंपीणबाईंचं दुकान सील केलं. दारावर दोन हात लाल फीत, वर लाखेचा शिक्का. चूक आम्ही तत्काळ मान्य केली. बाईंनी अर्ज दिला, मी पाच मिनिटांत फाइल उघडली आणि तिथेच घोडं अडलं. कार्यालयातली फीत संपली होती.

"अहो दादा, फीत मीच शिवून देते ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. "तीस गुंडाळ्या तयार आहेत. आत, मशीनशेजारी."

"मग आणा की!"

"आणू कुठून? दार तुम्हीच बंद केलंय!"

मुद्दा बिनतोड होता. गुंडाळ्या बाहेर काढण्याच्या परवानगीची स्वतंत्र फाइल मी लगेच तयार केली. तिलाही फीत हवी होती.

बाईंची गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत जाऊ लागली. "एवढं दुकान गेलं तर मी संपले हो," म्हणत त्या एकदा माझ्या खिडकीशी रडल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं. मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

शेवटी साहेबांनी डोकं चालवलं. "दारावरची फीत काढा आणि बाईंच्याच फाइलला बांधा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. फाइल त्याच दिवशी वरच्या मजल्यावर गेली. तिथून शेरा आला : 'पाहणीत दारावर सील आढळले नाही. सील तोडल्याबद्दल अर्जदारावर कारवाई करावी.' कारवाईची नवी फाइल फितीवाचून माझ्याकडेच पडून आहे, एवढंच बाईंचं नशीब.

आज त्या दारावर ना फीत, ना कुलूप. ढकललं तर उघडेल. बाई रोज समोरच्या पायरीवर बसून आदेशाची वाट पाहतात.

हसलात ना? हसा, हसा. परवा तुमचा मंजूर झालेला कागद माझ्या टेबलावर, तुमच्या हाताच्या अंतरावर पडला होता. मी चहाला गेलो होतो. तुम्ही दोन तास नुसते उभे राहिलात, आणि परत आल्यावर मी "उद्या या" म्हटलं, तेव्हा माझे आभार मानून घरी गेलात.