उत्तमरावांच्या उंदरांची झोप

एक सोडून एक शनिवारी दुपारी तीन ते साडेतीन आमच्या गल्लीत कुकर लावायचा नाही, हा उत्तमरावांचा नियम. पहिल्यांदा ते सांगायला आले तेव्हा आमच्या हिनं विचारलं, "काऊन भाऊजी, घरात कोणी झोपलं का?"

"झोपायचे हायेत, वहिनी. उंदरं. शिट्टीनं दचकतात."

रोहिणखेडात उत्तमराव माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, आता रिटायर. पत्नी वारली, मुलगा नितीन कॅनडात. जाताना तो आपला पाळीव अजगर बापाकडे ठेवून गेला. परदेशी जातीचा, मनगटाएवढा जाड, रीतसर कागदपत्रं असलेला. उत्तमराव त्याला 'साहेब' म्हणत, कारण काम काही नाही आणि जेवण मात्र वेळेवर लागे.

साहेबांसाठी ते पांढरे उंदीर पाळत. पण जिवंत उंदीर सापापुढे टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. "त्यानं उंदीर भेऊन मरते, अन् सापालेही चावा बसते. कोणाचाच फायदा नाही." म्हणून ठरलेल्या उंदराला आधी पोटभर शेंगदाणे. मग त्याला मऊ चिंध्या घातलेल्या डब्यात ठेवायचं आणि सोडा-व्हिनेगरचा गॅस नळीनं इतका हळू सोडायचा की त्याला नुसती पेंग यावी. नळीवर बोट धरून उत्तमराव अर्धा तास हलत नसत. मी एकदा म्हणालो, "उत्तमराव, इतकं सुखाचं मरण माणसालाही मिळत नाही."

"माणसाचं मले नका सांगू, मास्तर. माह्या खात्यात उंदरंच येतात."

रविवारी सकाळी फ्रीजमधला उंदीर कोमट पाण्यात. मग बाळाच्या दुधाची बघतात तशी मनगटाला लावून त्याची ऊब बघायची. "गार जेवन साहेबाले चालत नाही." आणि लांब चिमट्यात धरून, पाहुण्याला आग्रह करावा तसा, साहेबांच्या तोंडापुढे.

या माणसावर मी गावभर हसलो आहे. नुसता हसून थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या सापाच्या धाकानं माझी नात दिवाळीला आली नाही. मी चिडलो आणि वनखात्याला निनावी पत्र लिहिलं, की गावात एक जण साप कोंडून ठेवतो आणि उंदरांचा छळ करतो. छळ! नळीवरचं ते बोट मी स्वतः पाहिलेलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. जन्मभराच्या मास्तरकीमुळे समास मात्र सोडला.

माणसं आली, तपासणीसाठी अजगर घेऊन गेली. कागद खरे ठरून तो परत यायला तीन महिने लागले. उत्तमरावांचा संशय गेला गजाननवर. गजानन किराणा दुकानवाला, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचा, "उत्तम्या, एक दिवस वनखातं तुले घेऊन जाईन बे, सापासंगट!" उत्तमरावांनी त्याच्याशी बोलणं तोडलं. शेंगदाणेसुद्धा एसटीनं मोताळ्याहून आणू लागले. मी गप्प. वर दोघांनाही "जाऊ द्या हो" म्हणून समजावत होतो.

मागच्या महिन्यात कळलं, गजानन दुकान मोडून लेकीकडे अकोल्याला कायमचा चाललाय, रविवारी दुपारच्या गाडीनं. त्या सकाळी मी उत्तमरावांकडे गेलो. ते चिमट्यात उंदीर धरून साहेबांच्या पेटीपुढे बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

त्यांनी उंदीर पेटीपासून मागे घेतला.

"मास्तर, तुमी?"

"हो."

"अन् मी गजाननले तीन वर्सं..." उठले. मला वाटलं, आता चिमटा डोक्यात बसतो. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "गार होऊ देऊ नका. नितीनचा फोन येईन, घ्या." आणि पायात चपला सरकवून गजाननकडे निघाले.

दोनच मिनिटांत फोन वाजला. व्हिडिओवर नितीन. "काका, तुम्ही? साहेबानं खाल्लं?"

"अजून नाही."

"फोन टेकवून ठेवा ना, मी बघतो."

मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. "दर वेळी असाच फोन करतोस?"

"हो ना. त्याच्या जेवणाच्या दिवशी. त्यानं गिळलं की मीही झोपतो. एरवी वेळच होत नाही, काका."

"मग ते तीन महिने साप इथं नव्हता, तेव्हा करायचास फोन?"

"तेव्हा काय बघायचं होतं?" तो सहज म्हणाला.

साहेबांनी मान उचलली, जीभ बाहेर काढली आणि उंदराच्या रोखानं सरकले. मी चिमटा हळूच मागे घेतला.

"काका, जवळ धरा."

"धरतो रे. आधी सांग, तिकडे थंडी किती आहे?"

साहेब आणखी पुढे आले, मी आणखी मागे. नितीन बर्फाचं बोलला, मग दुखऱ्या गुडघ्याचं, मग स्वतःच्या हातच्या करपलेल्या पिठल्याचं. मध्येच त्यानं विचारलं, "बाबा कुठं गेले?" उंदीर केव्हाच गार झाला होता. गल्लीतून दोन म्हातारे एकमेकांना शिव्या घालत येताना ऐकू येत होते, आणि साहेबांनी कितीही मान लांबवली तरी मी चिमटा पुढे करत नव्हतो.