तळ्याकाठच्या घुबडावरील स्वारी

ऐकणाऱ्यांचे कान शाबूत असोत आणि वाचणाऱ्यांचे चष्मे निर्मळ असोत. पुढील मजकूर ऐसा की, लिफ्टदुरुस्तीचे काम करणारे एक जावई आणि निवृत्त दंतवैद्य असलेले त्यांचे सासरे, या उभयतांमध्ये जे वैर माजले होते, ते एका रविवारी तळ्याकाठी कैसे मिटले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. मीठमसाला घातला असल्यास तो चवीपुरताच. त्याचा राग धरू नये.

वैराचे मूळ एका शिंकेत होते. लग्नास महिनाही लोटला नव्हता, तेव्हा सासरेबुवांनी मेहेरबान होऊन नव्या जावयास पक्षी पाहावयास संगे नेले आणि झुडपाआड दबा धरून बसविले, आणि ज्या पाखराच्या दर्शनासाठी सासरेबुवा वर्षानुवर्षे झुरत होते ते पाखरू नेमके समोरच्या फांदीवर येऊन विराजमान जाहले, आणि मग जावयास शिंक आली. शिंक ऐसी की पाखरू तर गेलेच, परंतु तळ्यातील बदकेही मुलूख सोडून परागंदा जाहली. तेव्हापासून जावयावर खप्पामर्जी झाली. दंतवैद्यांची उभी हयात समोरच्याचे तोंड उघडे ठेवून त्यास बोलू न देण्यात गेलेली, तेव्हा अबोला धरणे त्यांस जड नव्हते. जावई समोर बसलेले असोत, मिठाची बाटली त्यांच्या हाताशी असो, तरी फर्मान कन्येच्या मार्फत सुटे, "त्यांना सांग, मीठ इकडे द्या म्हणावं." जावई मुकाट्याने मीठ देत आणि मनात म्हणत की हा माणूस एकदा तरी आपल्याशी सरळ बोलो. याउपर त्यांचे दुसरे मागणे नव्हते. त्यांस स्वतःचे वडील नव्हते, त्यामुळे ही गोष्ट त्यांस फार लागली होती.

जावयासही एक नाद होता. त्यास जिओकॅशिंग म्हणतात. कोणी अज्ञात इसम एखादी डबी रानावनात लपवितो आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर करितो, आणि मग शौकीन लोक मोबाईलमधील बाणाच्या मागे काट्याकुट्यांतून जाऊन ती हुडकितात, आतल्या कागदावर आपले नाव लिहितात आणि डबी होती तेथेच ठेवून रिकाम्या हाती आनंदाने घरी येतात. डबी घरी नेणे हे या पंथात महापातक. सासरेबुवांचे मत ऐसे पडले की, हे लहान मुलांचे लपंडाव दाढीमिशा आलेल्यांनी खेळू नयेत. हे मतही कन्येच्या मार्फतच कळविण्यात आले.

आता कन्या मोठी मुत्सद्दी. तिने मोबाईलात पाहिले तो एक डबी वडिलांच्या आवडत्या तळ्याच्याच काठी लपविलेली आढळली. तिने दोघांसही एकाच गाडीत घालण्याची तजवीज केली आणि नवऱ्यास ताकीद दिली, "बाबा आज टेन्शनमध्ये आहेत. शिंकू नकोस, बोलू नकोस, जमलं तर श्वासही हळू घे."

चिंतेचे कारण मोठे होते. दीड महिन्यापूर्वी दंतवैद्यांस तळ्यापलीकडच्या वाळक्या झाडावर एक शृंगी घुबड दिसले होते. मग दर रविवारी दिसले. झोपल्या पाखराच्या जवळ म्हणून जाऊ नये हा त्यांचा धर्म, आणि दिवसा घुबडाने हलू नये हा घुबडाचा धर्म, तेव्हा दोघेही आपापला धर्म पाळून ऐलतीरी आणि पैलतीरी बसून राहिले. दंतवैद्यांनी ही वार्ता पक्षिमित्र मंडळात जाहीर केली, तो मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका, भर सभेत म्हणाल्या, "डॉक्टर, या भागात शृंगी घुबड? चष्म्याचा नंबर तपासा." सभेत खसखस पिकली. दंतवैद्यांच्या जिव्हारी लागले आणि त्यांनी तिथल्या तिथे रविवारचे आव्हान दिले. त्यावर बाईंनी आपली मोठी, तिपाईवरची दुर्बीण घेऊन जातीने येण्याचे कबूल केले. घुबड ठरले तर इज्जत, न ठरले तर या वयात गावभर शोभा, ऐसा तो प्रसंग होता.

सबब रविवारी पहाटे कूच जाहले. कन्या सारथ्यास, दंतवैद्य तिच्या शेजारी, आणि जावई मागे थर्मास, घडीच्या खुर्च्या आणि सँडविचे यांच्या गराड्यात. वाटेत हुकूम जारी झाला, "त्यांना सांग, तो नारिंगी शर्ट बदला." शर्ट बदलला. मग सँडविचात उकडलेली अंडी असल्याचे उघडकीस आले, तेव्हा दुसरा हुकूम, "त्यांना सांग, पाखरांच्या देखत अंडी खायची नाहीत. काही जनाची मनाची ठेवा म्हणावं." जावई उपाशी राहिले.

तळ्याकाठी मुक्काम पडताच दंतवैद्यांनी दुर्बीण डोळ्यांस लाविली आणि सुस्कारा सोडिला. घुबड जागेवर होते. मंडळ येण्यास अवकाश होता, म्हणून कन्येने नवऱ्यास डबी शोधण्याची रजा मिळवून दिली. मोबाईलमधील बाण त्यास चिखलातून घेऊन गेला, मग बाभळीतून, मग तळ्यास वळसा घालून पैलतीरी, आणि मग एका वाळक्या झाडाखाली येऊन गपगार थांबला. जावयांनी वर पाहिले. वर घुबड होते.

घुबड पळाले नाही. जावयांनी टाळीचा हलका इशारा केला तरी ढिम्म. तेव्हा त्यांस संशय आला. लिफ्टच्या पोकळीत लोंबकळण्याची सवय असलेला माणूस, सरसर वर चढला आणि घुबडाच्या पाठीवर बोटाने टकटक केली, तो आवाज प्लास्टिकच्या रिकाम्या पिंपासारखा आला. मान धरून फिरविली, तो बरणीच्या झाकणासारखी फिरू लागली. आत कागद, पेन्सिलीचा तुकडा, एक गोटी आणि कोणाचे तरी कोटाचे बटण होते. येणेप्रमाणे खजिना हाती आला आणि सासऱ्यांची अब्रूही हाती आली.

इतक्यात पलीकडे मोटारीची दारे आपटल्याचा आवाज झाला. मंडळ दाखल जाहले होते. अध्यक्षाबाई तिपाईचे पाय उघडीत होत्या, आणि त्यांची दुर्बीण ऐसी की तीतून मुंगीचे गुडघे दिसावेत. मग प्लास्टिकचे आटे दिसण्यास किती वेळ? जावयांनी फांदीवर बसल्या बसल्या मसलत केली. खरे सांगावे तर सासऱ्यांची गावभर हेटाळणी. गप्प राहावे तरी तेच. एकच वाट उरली होती, आणि त्या वाटेने गेल्यास सासरे जन्मात बोलणार नाहीत हे त्यांस स्पष्ट दिसत होते. मग त्यांनी खिशातील पक्कड काढून घुबडास फांदीशी बांधणारी तार तोडिली, खोडामागून हात घालून घुबड शेपटीकडून ओढिले, खांद्यावरच्या पिशवीत कोंबिले, आणि मग तळे दणाणेल ऐसी एक खोटी शिंक दिली.

बदके उडाली. बगळे उडाले. तिपाईही पडली. त्या धुमाळीत सर्वांनी पाहिले तो फांदी रिकामी.

जावई परत आले, कोपर सोललेले, मान खाली. "माफ करा, शिंक आली. उडालं ते," ऐसे म्हणाले. बायकोने कपाळाला हात लाविला. अध्यक्षाबाईंनी तर इयत्ता चौथीच्या आवाजात त्यांची हजेरी घेतली आणि मग दंतवैद्यांकडे वळून निवाडा दिला, "डॉक्टर, घुबड होतं हे मी मानते. नसतं तर उडालं कशाला असतं? पण असा जावई मिळाल्यावर पक्षी तरी काय करणार!" मंडळाने माना डोलाविल्या. दंतवैद्यांची इज्जत राहिली. ते मात्र एक अक्षर बोलले नाहीत. कन्येला वाटले, आता दहा वर्षांच्या अबोल्याची निश्चिंती झाली.

परतीच्या वाटेवर कन्या पेट्रोलपंपावर चाकांत हवा भरण्यास उतरली आणि गाडीत सासरेजावई दोघेच उरले. जावई खिडकीबाहेर पाहू लागले.

"तीन वेढे," दंतवैद्य म्हणाले.

जावयांनी मागेपुढे पाहिले. गाडीत दुसरे कोणी नव्हते. "काय म्हणालात, बाबा?"

"घुबडाची मान बरीच फिरते. पण तीन वेढे नाही फिरत. मी दुर्बिणीला डोळा लावूनच होतो."

जावयांनी पिशवीतून घुबड काढून पुढे केले. दंतवैद्यांनी ते हाती घेतले, दाढ ठोकून पाहावी तसे बोटाच्या पेराने ठोकले आणि निदान केले, "पोकळ आहे." मग त्याच्या काचेच्या डोळ्यांत पाहून ते म्हणाले, "हे बाईंना दिसलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. दीड महिना, अहो! दीड महिना मी प्लास्टिकपुढे श्वास रोखून बसलो."

"लांबून हुबेहूब दिसतं, बाबा."

"आणि तुम्ही? सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आम्हीही तुम्हाला सोडणार नाही, हे कळत नव्हतं का?"

"कळत होतं," जावई म्हणाले. "पण माझी शिंक तशीही बदनाम आहे."

दंतवैद्यांच्या मिशीखाली काहीसे हलले. ते हसू होते. परंतु जावयांनी ते पूर्वी पाहिले नव्हते, म्हणून त्यांस ओळखण्यास वेळ लागला. मग दंतवैद्यांनी पृच्छा केली की हे घुबड आता घरी न्यावयाचे की काय. जावयांनी अर्ज केला की नाही, नेणारा चोर ठरतो, ते झाडावरच परत गेले पाहिजे. मात्र तळ्याकडे पाठ करून बसविल्यास, आणि लपविणाऱ्यास तसे कळविल्यास, कोणाची हरकत असू नये. दंतवैद्यांनी अर्ज मंजूर केला.

कन्या येऊन बसली, तो हुकूम झाला की गाडी मागे वळव. तिने विचारले, "का? काही विसरलं का?"

"नाही. आमचं काम आहे तळ्यावर."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"आमचं म्हणजे आमचं. ह्यांचं आणि माझं."

कन्येने सवयीने मागे वळून नवऱ्यास सांगण्यास तोंड उघडिले, "अरे, बाबा म्हणतायत..." आणि तिला नवऱ्याचे डोळे दिसले, तशी ती थांबली आणि तिने मुकाट्याने गाडी वळविली.

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. घुबड झाडावर रुजू जाहले. दंतवैद्य आयुष्यात प्रथमच पाखराच्या थेट खाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर चढलेल्या जावयाचा बूट दोन्ही हातांनी धरून ठेविला. अंडी झाडाखाली, कोणाचीही भीड न बाळगता, उभयतांनी खाल्ली. कन्या मध्यस्थीच्या चाकरीतून मुक्त होऊन गाडीत गाणी लावून बसली, परंतु पुढे घरापर्यंत ती दोघांच्या बोलण्यात कोणासच ऐकू आली नाहीत.