हिच्या वहीतली माझी कमाई

यंदा आगाऊ कराचा अंदाज आपण स्वतः काढायचा नाही, बायकोच्या भावाकडून काढून घ्यायचा, असं मी ठरवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. गेल्या वर्षी धंदा बरा होता आणि अंदाज मीच काढला होता. तो चुकला आणि वर व्याज बसलं. माझं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. काच मी केसभरही चुकू देत नाही, पण आकडे माझ्याशी कायम फटकून वागतात.

मेहुणा करसल्लागार. (मला बघून खुर्चीतून न उठता नुसती मान हलवणारा.) त्याच्याकडे जायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून म्हटलं, हीच जाऊ दे.

"पावतीपुस्तक देऊ का?" मी विचारलं.

"नको. वर्षभराचं सगळं माझ्या वहीत आहे."

असेल घरखर्चाची वही, मला वाटलं. त्यावरूनही काढत असतील अंदाज, आपल्याला काय कळतंय!

सोमवारी मेहुण्याने बोलावलं. मी दारात पाऊल टाकलं आणि तो चक्क उठून उभा राहिला! स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली, कॉफी मागवली. "भावोजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" म्हणत त्याने कागद पुढे केला. हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचा होता. आकडा बघून मी कॉफीचा कप बशीऐवजी त्या कागदावरच ठेवला. तेवढ्यात माझं दुकान माझ्यासकट विकत मिळालं असतं.

"हे... हे कुठून काढलंस?"

"ताईच्या वहीतून. तुमची रोजची कमाई लिहिलीय तिने!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? घरी गेलो की ही विचारते, "आज किती सुटले?" दिवसभर माशा मारलेला माणूस काय सांगणार? सातशे सुटले की मी तीन हजार सांगायचो. (चहा जरा लवकर मिळतो.) पैसे कुठे आहेत विचारलं, की म्हणायचं, मालात अडकलेत. पण ही ते रोज लिहून ठेवत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं!

तीन दिवस माझा पाय एका जागी ठरेना. खरं सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर दुकान. चार काचा वाकड्या कापल्या. एका गिऱ्हाइकाचे आजोबा फ्रेममध्ये उलटे बसवले. घरी आलो की हॉल ते स्वयंपाकघर नुसत्या येरझाऱ्या.

"अहो, बसा की जरा! फरशी झिजेल."

बसलो. पुन्हा उठलो.

गुरुवारी संध्याकाळी मात्र मनाचा हिय्या केला आणि पावतीपुस्तक हिच्यापुढे ठेवलं.

"ते आकडे... जरा फुगवलेले होते गं."

"माहितेय."

"माहितेय?"

"एकोणीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी. तुम्ही सांगाल त्याच्या निम्मंच लिहिते मी वहीत."

निम्मं! म्हणजे ज्या आकड्याने माझी झोप उडवली, तो माझ्या निम्म्याच थापांचा होता!

ही पावत्यांची बेरीज करायला बसली. पानं उलटत गेली तसा हिचा चेहरा उतरत गेला.

"निम्म्याचंही निम्मं?" ही हळूच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. हिने उठून भावाला फोन लावला.

"ताई, एवढ्या उत्पन्नावर कर लागतच नाही!" पलीकडून मेहुणा ओरडला.

माझा जीव भांड्यात पडला. फोन हातात घेऊन मी ऐटीत विचारलं, "मग तुझी फी किती?"

"राहू द्या हो, भावोजी. आणि काही लागलं तर संकोच करू नका."

शनिवारी त्याने ऑफिसातली तडकलेल्या काचेची फ्रेम दुरुस्तीला पाठवली. पैसे आगाऊ. दिवसभरात दुसरं कोणी दुकानाकडे फिरकलं नाही.

"आज किती सुटले?" हिने संध्याकाळी विचारलं.

आता खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. "साडेतीनशे. तेही तुझ्या भावाचे."

हिने मान डोलावली, वही उघडली आणि लिहिलं, पावणेदोनशे.