बहिःस्थ परीक्षकांचं जेवण

निकिता ढेबेच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून विद्यापीठाने एका गिधाडाची नेमणूक केली, आणि नेमणुकीचं पत्र करंजघाटच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पोचल्याबरोबर औषधशास्त्र व विषशास्त्र विभागात पहिला प्रश्न निघाला तो त्यांच्या जेवणाचा.

नेमणुकीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. निकिताने म्हशींच्या सांधेदुखीवरच्या एका नव्या वेदनाशामकाचा अभ्यास केला होता. ते औषध घेतलेली म्हैस मेली, तर तिच्या मांसात औषधाचा किती अंश उरतो आणि तो खाणाऱ्याला बाधतो का, हा तिच्या प्रबंधाचा गाभा. पूर्वी जनावरांना असंच एक वेदनाशामक सर्रास देत असत. जनावरांची दुखणी थांबली, पण ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कड्यामागून कडे ओस पडले. या विषयावर बोलू शकणारे प्राध्यापक देशात पुष्कळ होते. खाल्लेलं कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या एका कारकुनाने उमेदवाराच्या, म्हणजे परीक्षकांच्या, नावावर एकही शोधनिबंध नसल्याची शंका काढली होती, पण 'प्रत्यक्ष अनुभव' या निकषावर ते सहज बसले. जिल्ह्यात उरलेले ते एकटेच असल्यामुळे दुसरं नावही पुढे आलं नाही. पत्रात त्यांचा उल्लेख मा. लांबचोचे सर असा होता आणि पत्ता वरच्या कड्याचा.

विभागप्रमुख आणि निकिताचे मार्गदर्शक डॉ. मुकुंद टिल्लू यांनी लगेच कॅन्टीनच्या खराडेंना बोलावून घेतलं.

"पाहुणे शाकाहारी आहेत का?" खराडेंनी विचारलं.

"नाही," निकिता म्हणाली.

"सुटलो. मटण करतो. तिखट कितपत?"

"मसाला नको."

"पथ्य आहे होय? मग नुसतं उकडून देतो."

"उकडायचंही नाही, खराडेमामा. चिरायचंही नाही."

खराडेंनी टिल्लू सरांकडे पाहिलं. "मग मला कशाला बोलावलंय? टाळ्या वाजवायला?"

शेवटी बाकीच्यांसाठी श्रीखंड-पुरी ठरली. परीक्षकांचं जेवण उमेदवार करतो असा रिवाज नव्हता, पण या खेपेला दुसरा मार्ग नव्हता. शवविच्छेदनगृहाच्या थंड खोलीत दोन म्हशी होत्या. दोन्ही कॉलेजच्याच गोठ्यातल्या, दोन्ही म्हाताऱ्या होऊन मेलेल्या. एक जांभळी. तिला निकिताचं औषध शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं, आणि त्या औषधामुळे तिचे अखेरचे महिने उभं राहण्यात, चालण्यात, प्रसंगी निकिताच्या ओढणीचं टोक चघळण्यात गेले होते. दुसरी नियंत्रण गटातली. तिला औषधाचा थेंबही दिलेला नव्हता.

"मी काय म्हणतो," परीक्षेच्या सकाळी टिल्लू सर आवाज खाली आणून म्हणाले, "आपण दुसरी वाढू."

"कोणती दुसरी?"

"बिनऔषधाची. अगं, पाहुणा माणूस आहे. जिल्ह्यात एकुलता एक उरलाय. उद्या काही कमीजास्त झालं तर?"

"काही होणार नाही."

"तुला खात्री आहे, मला रक्तदाब आहे. आणि त्यांना कुठे कळणार आहे? म्हैस ती म्हैस."

"सर, मग मी इतकी वर्षं केलं काय? त्यांना साधी म्हैस खाऊ घालायची होती तर बाजारातनं आणली असती. प्रबंध लिहिला कशाला?"

"पदवीसाठी लिहिला," टिल्लू सर शांतपणे म्हणाले. "सगळे त्यासाठीच लिहितात."

निकिताला हे उत्तर सोसलं नाही. ती मेंढपाळाची मुलगी होती. तिच्या लहानपणी माळावर मेंढरू मेलं की ते आठवडाभर कुजत पडायचं, आणि त्यावरून कुत्र्यांच्या झुंडी माजायच्या. पूर्वी एका दुपारीत सगळं लख्ख व्हायचं, असं वडील सांगायचे आणि बोलता बोलता वर बघायचे. वर काही नसायचं. निकिताने गिधाड पहिल्यांदा पाहिलं ते पाठ्यपुस्तकात. तिला पदवी हवीच होती, पण तिला आभाळही हवं होतं, आणि दोन्ही एकाच अर्जावर मागण्यात तिला काही गैर वाटत नव्हतं.

"जांभळीच वाढायची," ती म्हणाली, आणि आपल्या सादरीकरणाची उजळणी करायला निघून गेली. टिल्लू सर काही बोलले नाहीत. याचा अर्थ त्यांनी मानलं, असा तिने घेतला.

परीक्षक वेळेवर आले. विभागाच्या कठड्यावर उतरून, पंख मिटून, ते चालत सभागृहात आले. अधिष्ठाता डॉ. घोरमाडे यांनी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल खांद्यांवर ठरेना, ती दोनदा घसरली. तेव्हा घोरमाड्यांनी ती घडी करून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. नारळ परीक्षकांनी चोचीने बाजूला सारला. तो अपमान म्हणून नव्हे, हे सगळ्यांना कळलं.

निकिताने सादरीकरण केलं. आलेख दाखवले. कोंबड्यांवरचे, घारींवरचे निष्कर्ष सांगितले. लांबचोचे सर मान खांद्यांत ओढून ऐकत होते. त्यांना झोप लागली असावी असं घोरमाड्यांना वाटलं, पण अनुभवी परीक्षक असेच बसतात म्हणून ते गप्प राहिले.

"तपासणीसाठी मांस उकळलंत?" एकाएकी प्रश्न आला.

"नाही, सर. कच्चंच तपासलं. तुम्ही कच्चंच खाता."

"आम्ही मूत्रपिंडं आधी खातो."

"माहीत आहे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली."

परीक्षकांनी मान जराशी बाहेर काढली. "प्रबंधाच्या शेवटी लिहिलंय, 'हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित असण्याची शक्यता अधिक आहे.' शक्यता?"

"तो शब्द माझा नाही, सर. मी 'सुरक्षित आहे' असं लिहिलं होतं. टिल्लू सरांनी शक्यता घालायला लावली."

टिल्लू सर खोकले. "शास्त्रीय भाषा आहे ती, सर. सगळीकडे असंच लिहितात."

"आणि तुमच्या मते खरं कोणतं?" परीक्षकांनी निकितालाच विचारलं.

"कागदावर दोन्ही खरी आहेत," निकिता म्हणाली. "पण पानात वाढायचं असेल तर फक्त माझं. शक्यता कुणाच्या पानात वाढू नये."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. परीक्षकांनी मान पूर्ण बाहेर काढली.

"माझ्या आईला कुणी परीक्षक नेमलं नव्हतं," ते म्हणाले. "ती तशीच जेवून गेली. आमच्या घरात तेव्हा पुष्कळजण होते." मग त्यांनी पंख किंचित झटकले. "तुम्हाला इथे सगळे डॉक्टर म्हणतात असं मी ऐकतो."

"पशुवैद्यकच्या पहिल्या वर्षापासूनच म्हणतात, सर. पद्धत आहे."

"मी अजून म्हणणार नाही. चला, जेवू."

जेवणाची व्यवस्था शवविच्छेदनगृहामागच्या अंगणात केली होती. एका बाजूला टेबलांवर श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. दुसऱ्या बाजूला ताडपत्रीवर म्हैस. भोवती रांगोळी काढली होती. ती खराडेंची स्वतःची कल्पना. परीक्षकांनी पहिला घास घेतला, आणि ते थांबले.

"काही कमी आहे का, सर?" घोरमाड्यांनी लगबगीने विचारलं.

"ही नियंत्रण गटातली आहे," लांबचोचे सर म्हणाले.

श्रीखंडाच्या वाट्या हवेतच राहिल्या. निकिता पुढे आली. तिने म्हशीच्या कानातला बिल्ला पाहिला आणि सरळ टिल्लू सरांकडे वळली.

"सर!"

"मी तुझ्या भल्यासाठीच केलं, निकिता. तुझ्या आणि त्यांच्याही."

"भल्यासाठी? तुम्ही त्यांना माझा प्रबंध न वाचताच पास करायला लावत होता!"

"अगं, हळू. पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोरच. तुम्हाला माझ्या आकड्यांवर भरवसा नव्हता, तर गेल्या वर्षी त्यांच्याखाली सही कशाला केलीत?"

टिल्लू सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत घातला. परीक्षकांनी चोच पायाशी पुसली.

"मी इथे जेवायला आलेलो नाही, टिल्लू सर," ते म्हणाले. "मी परीक्षा घ्यायला आलोय. माझी पद्धत जेवणाची आहे, इतकंच."

"मी वाढते," निकिता म्हणाली.

तिने आणि खराडेंनी मिळून जांभळीला ढकलगाडीवरून बाहेर आणलं. तिचं पोट निकिताने स्वतः उघडलं. फक्त एकदा जांभळीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका दिसला तेव्हा ती क्षणभर थांबली. जिल्ह्यातलं शेवटचं गिधाड तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवून तिच्या पुढ्यात उभं होतं, आणि आकडे चुकले तर पुन्हा तपासायला कुणी उरणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. आकडे चुकलेले नाहीत, हेही ठाऊक होतं.

"बसा, सर."

परीक्षकांनी मूत्रपिंडांपासून सुरुवात केली. ते पद्धतशीर जेवले. निकिता जवळ उभी राहिली. पाहुण्यांचं होईपर्यंत तिने पुरीला हात लावला नाही. जेवण झाल्यावर घोरमाड्यांनी निकालाचा कागद आणि पेन पुढे केलं.

"निकाल आठ दिवसांनी," लांबचोचे सर म्हणाले. "मी सही करायला येऊ शकलो तर उमेदवार उत्तीर्ण. नाही येऊ शकलो तर अनुत्तीर्ण." आणि अंगणातून थोडं धावत जाऊन ते उडाले. पोट जड असल्यामुळे कुंपणावरून जाताना त्यांचा पाय तारेला लागला. टिल्लू सरांनी डोळे मिटून घेतले.

तो आठवडा विभागाला जड गेला. दुसऱ्याच दिवशी घोरमाड्यांनी निकिताला बोलावून सांगितलं की नियमात एक सोय आहे. समितीतल्या बाकीच्यांच्या बहुमताने तिला आजच तात्पुरतं उत्तीर्ण करता येईल.

"आणि ते मेले तर?"

"तर दुःखाची गोष्ट. पण तोवर तुमचं काम झालेलं असेल."

"नको, सर. माझं काम ते परत आले तरच झालेलं असेल."

"तुम्ही तरुण मंडळी फार घाई करता आणि नको तिथे थांबता," घोरमाडे म्हणाले आणि कागद खणात ठेवून दिला.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ते मेंढरं घेऊन घाटाखाली उतरले होते.

"झालीस का गं डाक्टर?"

"अजून नाही, आबा. परीक्षक जेवून गेलेत, निकाल राहिलाय."

"काय वाढलंस?"

"जांभळी."

"पोटभर जेवलं का पावणं?"

"पोटभर."

"मग येतंय की परत. पोटभर जेवलेलं पावणं वाट इसरत नाही."

ठरलेल्या दिवशी सगळे अंगणात जमले. आभाळ निळं आणि मोकळं होतं. घोरमाड्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. टिल्लू सर कठड्याला धरून उभे होते. त्यांच्या खिशात चार ओळींचा शोकसंदेश होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

"तो कागद फाडा, सर," निकिता म्हणाली.

"राहू दे. असलेला बरा."

"फाडा. ते येणार आहेत."

"कशावरून?"

"माझ्या प्रबंधावरून."

टिल्लू सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागद काढला, दोन तुकडे केले, चार केले, आणि परत खिशात घातले. आठ तुकडे करावेत की नाही या विचारात ते असतानाच खराडे ओरडले, "आले!"

कड्याच्या बाजूने एक ठिपका आला. त्याच्यामागे दुसरा आला. मग ठिपके मोजण्यात अर्थ उरला नाही. ते घिरट्या घालत घालत खाली आले, आणि अंगणातली ऊन पडलेली जागा हळूहळू सावलीने भरली. सगळ्यांत आधी लांबचोचे सर उतरले. तब्येत उत्तम होती. मान ताठ होती. बाकीचे कुंपणावर, कठड्यावर, शवविच्छेदनगृहाच्या पत्र्यावर जागा मिळेल तसे बसले.

"हे घाटापलीकडचे माझे नातेवाईक," परीक्षकांनी ओळख करून दिली. "पलीकडच्या जिल्ह्यात मोजकेच उरलेत, असं आम्ही समजत होतो. ते माणसांच्या जनावरांना चोच लावत नव्हते, लपून होते. मी जेवून आठ दिवस टिकलो हे त्यांनी पाहिलं. आता त्यांनाही परीक्षा घ्यायची आहे."

"नियमात एकाच बहिःस्थ परीक्षकाच्या जेवणाची तरतूद आहे," घोरमाडे म्हणाले. "पण आनंदाची गोष्ट आहे."

"शाली पुरणार नाहीत," खराडे पुटपुटले.

निकालाचा कागद ताडपत्रीवर ठेवला गेला. लांबचोचे सरांनी त्यावर पाय ठेवला, दाबला, आणि उचलला. टिल्लू सरांनी शेजारी सही केली. मग त्यांनी बगलेतला प्रबंध शेवटच्या पानावर उघडला आणि 'असण्याची शक्यता अधिक' हे शब्द स्वतःच्या पेनाने खोडून टाकले.

निकिताने थंड खोलीचं दार उघडलं. उरलेली जांभळी बाहेर आली. कुंपणावर खसफस झाली, पण कुणी पुढे झेपावलं नाही. सगळे लांबचोचे सरांकडे बघत होते, आणि ते निकिताकडे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "वाढा."

निकिताने बाह्या वर सारल्या. जांभळीची मान नीट वळवून ठेवली, ताडपत्रीच्या कडा सरळ केल्या, आणि खराडेंनी आजही काढलेल्या रांगोळीवर कुणाचा पाय पडणार नाही इतकी जागा सोडून पाहुण्यांना बसायला सांगितलं. पत्र्यावरून, कठड्यावरून एकेक जण उतरला. पंगत बसली. निकिता एकदा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, मग मध्यभागी उभी राहून हात जोडून म्हणाली,

"सावकाश होऊ द्या."