गंधबंदीच्या हुकुमाची आणि पाचवीतल्या रेवतीची हकीकत

श्रीशारदेस साष्टांग नमस्कार घालून, आणि ज्या लेकराचे आम्ही अपराधी जाहलो त्याची मनोमन क्षमा मागोन लेखणी हाती धरिली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासापासोन एका विद्याराज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहून लाज थोडीच कमी होणार आहे.

ते राज्य म्हणजे शाळा. वर्ग ते सुभे, मुख्याध्यापक ते तेथील श्रीमंत, आणि आम्ही कचेरीतले जुने कारकून. ते वर्षी पाचवीचे सुभ्यात चिरंजीव रेवती घुगरे म्हणोन दहा वर्षांची मुलगी दाखल जाहली. मुलगी गुणाची, पाढे तोंडपाठ, बोलणे असे की ऐकणारा हसत सुटावा. परंतु देहास एक भारी दुखणे होते की कोणताही उग्र वास सोसवेना. फिनेल म्हणू नका, उदबत्ती म्हणू नका, परफ्यूम म्हणू नका, वास आला की डोके ठणके, आणि छाती भरोन येई, आणि श्वास अडकोन ओठ निळे पडत. आणि आमचे राज्य तर वासांचे आगरच: सकाळी फरशीस फिनेल, मग प्रार्थनेस धूप, मग बाईंचा गजरा, मग पोरांचे बगलेतले फवारे. पहिल्याच आठवड्यात मुलगी दोन वेळा कोसळली, मग सुभ्याबाहेर व्हरांड्यात तिचे बाक मांडिले, आणि तेथे बसोन ती खिडकीतून फळा वाची आणि डबा एकटी खाई. एके दिवशी आम्ही जाता जाता विचारिले, "काय गं, बरं आहे ना इथं? वारा छान आहे." तर म्हणाली, "वारा आहे हो काका, पण आतलं हसू ऐकू येतं आणि विनोद ऐकू येत नाही." आम्ही मान फिरवून चालते जाहलो.

मग तिची मातुश्री वैजयंतीबाई अर्जी घेऊन हुजूर आली, संगे वैद्याचा दाखला. बोलिली, "सर, मला बाकी काही नको. त्या एका वर्गात वासाचं काही वापरू नका, आणि तिला आत बसू द्या." श्रीमंतांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि बोलिले, "अहो बाई, साठ वर्षं इथं धूप जळतोय, आजवर कुणाला काही झालं नाही." मग पालकांची मसलत बसली, तीत कोणी म्हणे हे मनाचे खेळ, कोणी म्हणे लाडावून ठेवली आहे, कोणी म्हणे एकीसाठी चाळीस जणांनी पावडर सोडावी काय. बाई सारे ऐकोन घेई आणि सोमवारी पुन्हा येई. ऐसे अकरा सोमवार जाहले. बारावे सोमवारी तिने मुलीची वही श्रीमंतांपुढे ठेविली. खिडकीतून फळ्याचा डावा भाग दिसत नसे, म्हणोन दर पानी डावी बाजू कोरी होती. श्रीमंतांनी सात-आठ पाने उलटिली, आणि चष्मा काढिला, आणि आम्हांस बोलिले, "लिहा हुकूम."

हुकूम आम्हीच लिहिला: पाचवीचे सुभ्यात फिनेल, धूप, उदबत्ती, परफ्यूम, पावडर, गजरा, अत्तर यांस सक्त मनाई. आणि खरे सांगावे तर सारे राज्य हुरूपाने कामास लागले. मावश्यांनी साध्या पाण्याने फरशी तीन वेळा पुसली, वर्गबाईंनी गजरा घरी ठेविला, आणि पोरे एकमेकांचे शर्ट हुंगून खात्री करू लागली. मग नेमिले दिवशी श्रीमंत बोलिले, "पोरीला मानानं आत नेऊ या. दारात स्वागत करा, रीतीप्रमाणे." आणि आमचे राज्याची रीत पहिल्यापासोन ऐसी की मानकरी आला की मनगटी अत्तर लावावे आणि गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपावे.

वाचणारा म्हणेल, अरे मूर्खांनो! म्हणावेच. परंतु देवाशपथ सांगतो, अत्तर हा वास आहे हे त्या घडीस एकाचेही ध्यानी आले नाही. आम्ही जन्मभर त्यास मान म्हणत आलो. मुलगी सुभ्याचे दारी उभी राहिली, केसांस नवी रिबीन, आणि आतून चाळीस पोरे टाळ्या पिटीत होती, आणि पेढा मिळेल ऐसे वाटोन तिने हसत हात पुढे केला. मागोन वैजयंतीबाई ओरडली, "अहो, नको! नको!" तोवर अत्तर लागले होते आणि गुलाबपाणी मुखावर पडले होते. मुलीने आईकडे पाहिले, एक पाऊल आत टाकिले आणि उंबऱ्यातच पडली. अत्तरदाणी धरिलेला, आणि चार दिवसांपूर्वी हुकुमात अत्तर हा शब्द स्वहस्ते लिहिलेला, तो मनुष्य मीच.

सहा दिवस मुलगी दवाखान्यात होती. वाचली, देवाची कृपा. श्रीमंत दोन वेळा भेटीस गेले आणि दोन्ही वेळा बाहेरूनच परतले, कारण आत जाण्याजोगे कपडे आपले अंगावर आहेत की नाहीत हे त्यांस कळेना. मग दसऱ्यानंतर वैजयंतीबाईने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. श्रीमंत बोलिले, "बाई, आता चूक होणार नाही." बाई बोलिली, "सर, तुमच्यावर राग नाही. पण तिला आता दाराचीच भीती वाटते."

दाखला देण्यास मी फाटकापर्यंत गेलो. त्या दिवशी साबण लाविला नव्हता, केसांस तेल नव्हते, कपडे नुसत्या पाण्याने धुतले होते. रेवती रस्त्याकडेला तोंडास फडके बांधोन उभी होती. मला पाहोन तिचे डोळे ओळखीचे हसले, आणि हसता हसता ती दोन पावले मागे सरली, आणि दोन्ही हात पाठीमागे लपविले. म्हणाली, "काका, आईकडे द्या."

एकूण हकीकत इतकीच की मागितले ते मिळाले, देणारे दुष्ट नव्हते, आणि मुलगी आता घरी एकटी शिकते. पाचवीचे सुभ्यात हुकूम अद्याप पाळिला जातो. घडले तैसे लिहिले. वाचणाराने मला क्षमा करू नये.